पडण्याची मोजणी

मी कारखान्यात सुरक्षा समितीचा सचिव होतो आणि माझी आई घरात पडली.

घरात म्हणजे मोरीच्या उंबऱ्यावर. बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या जवळ आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या मोरीला चार बोटं उंचीचा उंबरा होता आणि त्याला मी स्वतः लाल रंग देऊन वर पांढऱ्या अक्षरांत ‘सावधान’ लिहिलं होतं. आई बरोब्बर ‘सावधान’वरच अडखळली. (तिला वाचता येत नव्हतं, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.)

माझी बायको नलिनी धावली. मी आधी शिट्टी शोधत होतो, कारण अपघात झाला की पहिली शिट्टी, असा आमच्या समितीचा नियम होता. शिट्टी सापडून मी मोरीपाशी पोचलो तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि नलिनी तिच्या गुडघ्याला हळद लावत होती.

"आई, लागलं का गं?"

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "लाभ."

आता हे सांगायला हवं. आमची आई मूळची सातपाटीची. लग्नाआधीपासून मासळी विकत आलेली, आणि बोईसरच्या मासळीबाजारात तिची स्वतःची बसायची जागा होती. मोजताना ती पहिल्या नगाला ‘एक’ म्हणत नसे. लाभ, दोन, तीन, चार, अशी तिची मोजणी. मुहूर्ताला ‘एक’ म्हणून दळिद्र कशाला बोलवायचं, असा विचार. म्हणजे आईने स्वतःच्या पडण्याची मोजणी सुरू केली होती.

"म्हणजे आई, अजून पडायचं आहे?" नलिनीने विचारलं.

"मी कुठे बोलतेय? पण मोजून ठेवलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, नवीनच दवाखाना टाकला होता, त्यामुळे पेशंटशी बोलायला त्यांच्याकडे वेळ होता. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. साखर निघाली, आणि थोडीथोडकी नव्हे. मग त्यांनी आईला डोळे मिटायला सांगून तिच्या तळपायावर कापूस फिरवला.

"आजी, कळतंय का?"

"काय?"

"पायाला काही लागतंय का?"

"तुमी चालू करा, मंग सांगते."

डॉक्टर कापूस फिरवतच होते. 

"पायाला मुंग्या येतात का, आजी?"

"सुकटीला येतात. पायाला कशाला येतील?"

डॉक्टरांनी मला समजावलं. साखरेने आईच्या पायांची जाण कमी झाली आहे, खाली फरशी आहे की पायरी हे पायाला नीट कळत नाही. वयाने ताकदही कमी झाली आहे. गोळ्या घ्यायच्याच, पण पडायचं नसेल तर पायांना आणि तोलाला रोज व्यायाम हवा. मग त्यांनी व्यायाम दाखवले. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं. सरळ रेघेवर एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावत चालायचं. आणि भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं, शेजारी माणूस हवंच. पायात चप्पल हवी, आणि रोज संध्याकाळी तळपाय बघायचे, कुठे कापलंय का ते.

"आणि पाटी ठेवायची," डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले. "रोज. चुकवायची नाही."

सगळा घोटाळा या एका वाक्यात होता, पण तेव्हा तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

रिक्षात बसल्यावर आई खुशीत होती. "डॉक्टर शाना हाय. बोलला, रोज पाटी ठेवायची."

"अगं ती पाटी नाही आई. लिहायची पाटी. किती व्यायाम केला ते लिहून ठेवायचं."

"मना लिवता येतं काय?"

"नाही."

"मंग मना कशाला सांगेल तो? माजी पाटी म्हवऱ्याची. ती डोक्यावर ठेवायची."

मी आवाज चढवला. डोक्यावर पाटी आजपासून बंद, असं जाहीर केलं. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं. ‘डोक्यावर ओझे, अपघाताला बोलावणे’ या माझ्या घोषवाक्याला कारखान्याच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं होतं. (स्टीलचा डबा. झाकण बसत नव्हतं.)

आईने रिक्षाबाहेर तोंड फिरवलं. 

तिला ते लागण्याचं कारण असं होतं. मे संपत आला होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, दर्यात कुणी जात नाही. बाजारही मग नारळी पुनवेपर्यंत थंडच. या दिवसांत बायका आपापल्या जागेवर रिकामी पाटी पालथी घालून ठेवत. म्हणजे ही जागा अमकीची, ती येणार आहे. पुनव झाली, होड्या सुटल्या, ताजी मासळी आली, आणि तरीही एखादी पाटी पालथीच राहिली, तर ती जागा दुसरीला जायची. बाजारातल्या बायकांनीच केलेला कायदा होता तो, आणि त्यात कुणाला सूट नव्हती. आईने त्या जागेवर बावीस वर्षं काढली होती. वडील गेल्यावर त्याच जागेवर बसून तिने मला शिकवलं, कारखान्यात चिकटवलं आणि लग्न लावून दिलं.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना ती नलिनीला म्हणाली, "जागा गेली का मी काय करू गं? मोरी धुवत बसू?"

मी बाहेरच्या खोलीत होतो, पण ऐकलं. मलाही वाईट वाटलं. पण मला ती पडलेलीही बघवत नव्हती. म्हणून मी तोडगा काढला. पुनवेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं, त्यांच्यासमोर रेघेवर वीस पावलं चालून दाखवायचं आणि एका पायावर दहापर्यंत उभं राहायचं. जमलं तर बाजार. नाही जमलं तर घर. डॉक्टरांनाही हे पटलं.

"बरं," आई म्हणाली. "पण शिकवनार कोन?"

"मी आहे ना."

 नलिनी पीठ तिंबत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून मुलांची लिहायची पाटी आणली आणि दाराआड टांगली. आमच्या कारखान्याच्या फाटकावर जसा अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक असतो तशीच. ‘आई न पडता गेलेले दिवस : २’. मग खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची रेघ मारली. सुतळी लावून मारली होती, केसाचाही फरक नव्हता. घरमालकाने ती बघून काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

टाचा उचलणं आईला सहज जमलं. खुर्चीतून उठबसही जमली. रेघेवर मात्र पहिलंच पाऊल टाकलं आणि ती डाव्या बाजूला कलली. दुसऱ्या पावलाला उजव्या.

"खाली बघ आई, खाली! पाऊल टाकताना खाली बघायचं, हा सुरक्षेचा पहिला नियम."

ती खाली बघायला लागली. जितकी खाली बघे तितकी जास्त झुले. हात दोन्हीकडे पसरून काहीतरी पकडायला जाई आणि तिथे पकडायला मीच असे. तिसऱ्या दिवशी मी शिट्टी तोंडात घालायला वळलो तेवढ्यात ती कोपऱ्यातल्या गादीवर जाऊन आडवी झाली.

"दोन," ती छताकडे बघत म्हणाली.

मी पाटीवर शून्य लिहिलं. आमच्या कारखान्यातसुद्धा इतक्या लवकर शून्य होत नसे.

मग मी व्यवस्था वाढवली. खोलीत जागा अपुरी पडते म्हणून तालीम चाळीच्या गॅलरीत नेली, तिथेही तशीच रेघ मारली आणि भिंतीला कमरेइतक्या उंचीवर नायलॉनची दोरी बांधली, आईला धरता यावी म्हणून. पावसाळ्याचे दिवस. संध्याकाळी कामावरून येऊन बघतो तर आधाराच्या दोरीवर अख्ख्या चाळीचे कपडे वाळत होते. आई एका हाताने दोरी धरून आणि दुसऱ्या हाताने लोकांचे ओले पायजमे बाजूला सारत रेघेवर चालत होती. शेजारचे मिश्राजी दारात उभे राहून बघत होते.

"सचिवजी, माताजी को फौज में भेज रहे हैं क्या?"

"तोल के लिए है, मिश्राजी. शुगर है."

"अच्छा अच्छा. वो नीली लुंगी हमारी है, जरा संभाल के."

शेवटी मी हेल्मेट आणलं. कारखान्याच्या स्टोअरमधून, पिवळं, चांगलं जड. (चिठ्ठी न देता आणलं. सचिवाने असं करायचं नसतं, हे मला माहीत होतं.) पडलीच तर डोकं तरी वाचेल, एवढाच विचार. आईने पदर सारखा केला, हेल्मेट चढवलं, आणि रेघेवर सरळ चालत गेली. सहा पावलं, आठ पावलं, बारा. दोरीला हातही लावला नाही.

मी बघतच राहिलो. मग लगेच श्रेय घेतलं.

"बघितलंस? शिस्त. पंधरा दिवसांच्या शिस्तीचा परिणाम आहे हा."

"डोकं भरल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली. "बरं वाटतंय."

हे वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. मी मिश्राजींना शिस्तीबद्दल सांगत होतो.

पुढे रोज संध्याकाळी हेल्मेट घालून आई चाले, मग भिंतीशी एका पायावर उभी राही आणि मोजे, "लाभ, दोन, तीन, चार..."

"आई, एक म्हण. डॉक्टरांसमोर लाभ म्हणू नकोस, त्यांना वाटेल पहिला आकडा चुकला."

"एक म्हनून मी कदी काय मोजलं नाय."

पाटीवरचा आकडा पासष्टवर गेला. मी कारखान्यात दोन-तीन जणांना आमच्या घरचा आकडा सांगितला. तिथला आकडा तेव्हा एकोणतीस होता.

पुनवेच्या आदल्या दिवशी आम्ही दवाखान्यात निघालो. आईने डॉक्टरांसाठी सुक्या बोंबलांची पाटी घेतली होती. डोक्यावर ओझं बंद असल्यामुळे ती पाटी रिक्षात माझ्या मांडीवर होती, आणि आईच्या मांडीवर हेल्मेट. रिक्षावाला आरशातून बघत होता. काय विचारावं हे त्याला सुचलं नसावं.

दवाखान्यात सात-आठ पेशंट बाकावर बसले होते. लाद्यांची एक सरळ रांग धरून डॉक्टरांनी आईला चालायला सांगितलं. आईने हेल्मेट चढवलं.

"आजी, हे काय?"

"रोज घालते."

"ते काढा. बाजारात हेल्मेट घालून बसणार आहात का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे बघितलं. हेल्मेट उतरलं. आई दोन पावलं चालली, खाली बघता बघता कलली आणि टेबल धरलं. पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या पावलाला डॉक्टरांनीच तिचा दंड धरला.

"व्यायाम करत होता ना रोज?" त्यांनी मला विचारलं.

मी पिशवीतून पाटी काढून दाखवली. पासष्ट.

"त्या खाली का बघतात सारख्या?"

"मी सांगितलंय."

 डॉक्टर आईला म्हणाले, "आजी, घाई नको. अजून दोन महिने घरीच करू. दिवाळीआधी परत बघू."

दिवाळीआधी म्हणजे पुनव गेली, होड्या गेल्या, जागा गेली. आई वाद घालील म्हणून मी तयार होतो.  पण तिने पदराने हेल्मेट पुसलं आणि माझ्या हातात दिलं. इतकी वर्षं मी तिला कधी हरलेली बघितली नव्हती, आणि तिथे त्या बाकावर ती मला म्हातारी दिसली. मला फार वाईट वाटलं. पडली तेव्हा वाटलं होतं त्याहून जास्त.

मग एकदम ती म्हणाली, "डॉक्टर, तुमी बोललात, रोज पाटी ठेवायची. मी ठेवली नाय. या माज्या पोराने ठेवू दिली नाय. एकदा ठेवून बगू?"

डॉक्टरांनी माझ्या हातातल्या पाटीकडे बोट केलं. "ही काय, ठेवलीय की."

"ही नाय. ती."

ती म्हणजे माझ्या पायाशी ठेवलेली बोंबलांची. मी "आई, नको" म्हणेपर्यंत तिने पिशवीतलं फडकं काढून त्याची चुंबळ केली होती. डॉक्टर पटकन उठून तिच्या शेजारी उभे राहिले, पण अडवलं नाही. आईने पाटी उचलली आणि डोक्यावर ठेवली.

पाटी ठेवल्याबरोबर तिची मान ताठ झाली. हात खाली आले. नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लागली. आणि ती चालायला लागली, टाचेला चवडा, चवड्याला टाच. डॉक्टर बाजूने चालत होते, त्यांना हात पुढे करायची वेळ आली नाही. वीस पावलं झाली. कुणी सांगितलं नव्हतं तरी ती वळली आणि तशीच परत आली. मग एक पाय उचलला.

"लाभ, दोन, तीन..."

बाकावरचे पेशंटही तोंडातल्या तोंडात मोजायला लागले. दहाला डॉक्टर म्हणाले, "पुरे आजी, झालं." आईने बारा म्हणूनच पाय खाली ठेवला. बाजारात डझनाखाली मोजणी थांबवायची तिला सवय नव्हती.

"आजी, आता नजर कुठे होती?"

"समोर. डोक्यावर पाटी असली का खाली कोन बगतं? म्हवरं पडेल ना."

डॉक्टर हसले आणि मला म्हणाले, "तुमच्या आईचा तोल डोक्यावर पाटी असताना घडलाय. तुम्ही पाटी काढलीत, शिवाय खाली बघायला लावलंत."

मी हातातली लिहायची पाटी उलटी केली. 

त्यांनी नवी पद्धत ठरवून दिली. व्यायाम चालू ठेवायचा, पाटी घेऊनच. जवळ माणूस हवं. नजर समोर ठेवून चालणं पक्कं झालं की पाटीतलं वजन थोडंथोडं कमी करत न्यायचं, म्हणजे मोकळ्या डोक्यानेही तोल राहील. बाजारात चप्पल घालायची, ओल्यात उभं राहायचं नाही, भरलेली पाटी दुसऱ्याने उतरवून द्यायची.

"मंग उद्या जाऊ?"

"जा आजी."

मी इथे गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बाकावरचे सगळे आईकडे कौतुकाने बघत होते, आणि माझ्या हातात हेल्मेट, पाटी आणि शिट्टी होती.

"तसं त्यात अवघड काही नाही," मी म्हणालो. "डोक्यावर वजन असलं की कुणाचाही तोल राहतो. साधं शास्त्र आहे."

"करून दाखवता?" डॉक्टर म्हणाले. माझ्या मते त्यांनी मुद्दाम विचारलं.

मी चुंबळ ठेवली, पाटी चढवली, नजर कॅलेंडरला लावली आणि डावा पाय उचलला. एवढं मला आठवतं. पुढचं मला लोकांनी सांगितलं. मी आधी टेबलाकडे गेलो, मग कंपाउंडरकडे, आणि शेवटी लाद्यांच्या त्याच सरळ रांगेवर आडवा झालो. बोंबील दवाखानाभर झाले. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले एक आजोबा एकेक बोंबील उचलून शांतपणे माझ्या छातीवर आणून ठेवत होते.

उजव्या मनगटात कळ आली. वर आईचा चेहरा दिसला. ती वाकून, हात कमरेवर ठेवून, तोल न जाता माझ्याकडे बघत होती.

"लाभ," ती म्हणाली.

मनगटाचं हाड तडकलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. कारखान्यात रजेसाठी अपघाताचा फॉर्म भरावा लागला. तो छापील फॉर्म मीच तयार केलेला होता आणि त्यात ‘अपघातसमयी कर्मचारी काय करत होता’ असा रकाना होता. डाव्या हाताने मी त्यात लिहिलं, ‘डोक्यावर बोंबील घेऊन एका पायावर उभा होता.’ फॉर्म वाचून साहेबांनी स्वतः विचारलं, "हेल्मेट घातलं होतं का?" मी खरं सांगितलं की हेल्मेट हातात होतं. मग ते हेल्मेट कुठून आलं हा प्रश्न निघाला. समितीला नवा सचिव मिळाला.

पुनव झाली. होड्या गेल्या आणि पहिली मासळी आली त्या दिवशी मी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून बाजारात गेलो. आई तिच्या जागेवर होती. पायात नवी रबरी चप्पल, समोर पापलेटं आणि सुरमई मांडलेली पाटी, सुलटी. शेजारच्या हिरूबायने माझ्या हाताकडे बघून विचारलं, "काय रं, काय झालं?"

"बोंबलाचं ओजं झेपलं नाय त्याला," आईने परस्पर सांगितलं.

मला राग यायला हवा होता. पण ती त्या जागेवर बसून गिऱ्हाइकाशी भांडत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मुकाट्याने पिशवी पुढे केली.

आई त्यानंतर अकरा वर्षं त्या जागेवर बसली. रोज संध्याकाळी गॅलरीत पाटी घेऊन चालायची. पाटी हलकी होत होत रिकामी झाली, मग नुसती चुंबळ राहिली, मग तीही गेली. शेवटी आजाराने अंथरुणावर गेली, पण पडली नाही. तिची मोजणी दोनवरच राहिली.

आता मला साखर आहे. डॉक्टर दुसरे आहेत, व्यायाम तेच आहेत. पिवळी रेघ नव्या घरातही मारून घेतली आहे, आणि नजर समोर ठेवायची हेही मला आता माहीत आहे. गेल्या आठवड्यात नजर समोर ठेवूनच चाललो होतो, म्हणून मोरीचा उंबरा दिसला नाही. खाली बसलो तो बसलोच. आतून नलिनीचा आवाज आला.

"सात."

"सात? अगं, दवाखान्यातल्या लाभनंतर मधले पाच कधी झाले?"

"ते तुमच्या लक्षात नाहीत, म्हणून तर आई जाताना तुमची मोजणी माझ्याकडे देऊन गेल्या," ती म्हणाली आणि हळद घेऊन आली.